मदत हवी आहे: आयसीएसएसआरचा प्रकल्प आणि ऊसतोडीचा हंगाम जुळवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अनुदानासाठी प्रस्ताव लिहायला घेतलाय. विषय असा: दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, टोळीसोबत निघून गेले, की गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं आणि शाळकरी पोरांचं कोण बघतं? तळावरच्या (तोडीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या वस्तीतल्या) जगण्यावर, टोळी नेणारा मुकादम आणि त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल यांवर बरंच वाचायला मिळतं. कुलूप लागलेल्या दाराशेजारी नातवंडं सांभाळणारी आजी मात्र मला त्या अहवालांत क्वचितच भेटली. हे काम व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिली अडचण वेळेची. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे गावातलं काम ऐन भरात असताना मला विनियोग प्रमाणपत्राच्या, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं त्याच्या दाखल्याच्या, मागे लागावं लागणार. त्यात मंजुरी जानेवारीत आली आणि पहिला हप्ता त्यानंतर महाविद्यालयाच्या खात्यात पडला, तर तो हंगाम गेलाच. कामाचं वेळापत्रक लिहायचं तरी कसं?

दुसरी अडचण पावत्यांची आणि संमतीपत्राची. एखादी आजी माझ्याशी अर्धा दिवस बोलली तर तिचा खुरपणीचा अर्धा रोज बुडतो. तो मला भरून द्यायचाय. खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली दाखवू? आणि मुकादमाच्या कागदावर अंगठा देऊन पोळलेली ही माणसं, माझ्या संमतीपत्रावर सही करा म्हटलं की उठून जातात. त्यांचं चूक आहे असं मला मुळीच वाटत नाही.

तिसरी गोष्ट: विभागातले सहकारी म्हणतात, चारशे प्रश्नावल्या घातल्याशिवाय समाजशास्त्राला पैसे मिळत नाहीत. माझा बेत दोन गावांतल्या मोजक्या घरांसोबत रवानगीपासून परतीपर्यंत आणि पुढे पावसाळ्यात नवी उचल उचलली जाईपर्यंत राहण्याचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघुसंशोधन प्रकल्प होते तेव्हा निदान दुसरं दार होतं. आता तेही नाही, म्हणून हा प्रस्ताव नीट व्हावा अशी धडपड आहे.

प्रतिसाद (हिशेबवही):

ताई, मी दोन प्रकल्पांचे हिशेब सांभाळलेत, त्यावरून सांगतो. वेळापत्रकात महिन्यांची नावं लिहूच नका. 'पहिला ते चौथा महिना' असं लिहा आणि खाली एक परिच्छेद जोडा: प्रकल्प हंगामाआधी सुरू झाला तर हा क्रम, हंगामात किंवा नंतर सुरू झाला तर तो. गावातली घरयादी, शाळेचे हजेरीपट, ग्रामपंचायतीच्या नोंदी, परतलेल्या जोडप्यांच्या मुलाखती हे सगळं हंगामाबाहेर होतं. रवानगी ते परत हा पूर्ण फेरा पाहायचा असेल तर लघु प्रकल्पाच्या वाटेला जाऊ नका, मुदत पुरणार नाही. जास्त मुदतीचा बृहत् प्रकल्पच मागा.

३१ मार्चचं फार मनावर घेऊ नका. तोवर जे खर्च झालं त्याचं जीएफआर (केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र द्यायचं, शिल्लक रक्कम त्यात शिल्लक म्हणूनच दाखवायची. अनुदानावर बँकेत व्याज जमलं तर ते आपलं नसतं, सरकारजमा करावं लागतं. हे लेखापालांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि शेवटचा हप्ता अंतिम अहवाल व लेखापरीक्षण झालेला हिशेब पोचल्यावरच येतो. त्यामुळे क्षेत्रकार्य शेवटच्या हप्त्याच्या भरवशावर ठेवलंत तर संशोधन सहायकाचा पगार थकेल. सहायक गावाकडचाच, ती बोली बोलणारा घ्या.

बुडालेल्या रोजाचे पैसे क्षेत्रकार्याच्या शीर्षात 'सहभागींना वेळेचा मोबदला' म्हणून आधीच मांडा. मंजूर अंदाजपत्रकात ओळ असली की लेखापरीक्षक अडवत नाही. नसली तर पुढे अडकतं.

प्रतिसाद (निवृत्त मास्तर):

चारशे प्रश्नावल्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. पण सहकाऱ्यांची भीती निराधारही नाही, कारण तुमचा प्रस्ताव अर्थशास्त्राच्या माणसाकडेही परीक्षणाला जाऊ शकतो. त्याला 'मोजक्या घरांसोबत राहणार' एवढंच वाचून काही उमगत नाही. दोन्ही गावांतल्या प्रत्येक घराची एक छोटी गणना करा: कोण गेलं, कोण राहिलं, राहिलेल्यांत वय किती. त्या गणनेतून घरं कशी निवडणार ते लिहा. आजी-आजोबा आहेत ती, थोरल्या बहिणीच्या जिवावर चाललेली, शेजाऱ्यांवर सोडलेली. मग मोजकीच घरं का, याचं उत्तर प्रस्तावातच मिळतं.

संमतीसाठी तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी संस्थेच्या नैतिकता समितीकडून लेखी घ्या. कारण तुम्ही इथे लिहिलंय तेच द्या, मुकादमाचा कागद. मुलांशी बोलणार असाल तर आईवडील तळावर असताना पालक म्हणून संमती कोण देणार, हेही ठरवून ठेवा. समिती हा प्रश्न विचारतेच आणि विचारायलाच हवा.

एक आठवलं म्हणून. १९६९ साली ही परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात ज्यांचा मोठा वाटा, तेच. कारखानदारीची दुसरी बाजू तपासायला याच परिषदेकडे पैसे मागणं अगदी योग्य आहे. मोकळेपणाने मागा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. गणनेची कल्पना घेतेय. तिच्यामुळे घरं निवडण्याचा माझाच गोंधळ सुटला. पालक-संमतीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आता जोडपी निघण्याआधीच त्यांच्याशी बोलावं लागेल, म्हणजे पहिली भेट रवानगीपूर्वी हवी. वेळापत्रकाचे दोन्ही पर्याय त्या हिशेबाने पुन्हा लिहिते.

अजून एक विचारते. मोबदला रोख दिला तर अंगठ्याऐवजी साक्षीदाराच्या सहीवर चालणाऱ्या पावतीचा मराठी नमुना कुणाकडे आहे का? आमच्या लेखापालांना दाखवायला तयार कागद हवाय. असेल तर कृपया इथेच मजकूर द्या, इतरांनाही उपयोगी पडेल.