बालगृहाबद्दल आरटीआय टाकायचाय, अर्ज कसा लिहू? (सल्ला हवाय)

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्याच्या गावी एका संस्थेचं बालगृह आहे, आमचं महिला मंडळ दर दिवाळीला तिथं फराळ नि कपडे देतं, यंदा जरा मोठी रक्कम द्यायचं चाललंय म्हणून मी नोंदणीचा कागद बघायला मागितला तर दरवेळी "साहेब आले की दाखवू". तसा संशय वगैरे काही नाही, पण लेकरं राहतात तिथं तपासणीला कोणी येतं की नाही हे कळायला नको का? मी असं लिहिलंय: "बालगृहातील सर्व मुलांची नावे व वय द्यावे. संस्था नोंदणीकृत आहे का? तपासणी नियमित का होत नाही?" चालेल का? आणि अर्ज संस्थेत द्यायचा की कुठे?

जुना_कारकून:
ताई, हा अर्ज परत येणार म्हणजे येणारच. नावं तर मागूच नका, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. (जाता जाता, फराळवाटपाचे मुलांसोबतचे फोटो ग्रुपवर टाकत असाल तर तेही बंद करा.) आणि "का" विचारायचं नाही. आरटीआयमध्ये ऑफिसात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही, "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" एवढं लिहून साहेब मोकळे. कागदाचं नाव घेऊन मागा: कलम 41 चं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर संख्या किती नि सध्या मुलं किती (नुसता आकडा), कलम 54 च्या तपासणी समितीचे मागच्या 2 वर्षांचे अहवाल, आणि त्यावर झालेला पत्रव्यवहार. समितीने 3 महिन्यांतून एकदा तरी जायचं असतं, किमान तिघं, त्यात एक बाई नि एक डॉक्टर, आणि आठवड्यात अहवाल. म्हणजे 2 वर्षांचे 8 तरी निघायला हवेत, दोनच हातात आले तर तुमच्या "का"चं उत्तर न विचारता मिळालं की!
अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. एक विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशाला हवी ते लिहू नका, कायद्यानेच ते विचारता येत नाही. ऑफिस चुकलं तरी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची.

भाकरतुकडा:
हे सगळं कागदावर छान आहे हो. "वैयक्तिक माहिती" म्हणून आरटीआय कायद्याचं कलम 8(1)(ञ) दाखवून नकार देतील नि बसा. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातली जनहिताची अटच काढून टाकलीये.

जुना_कारकून:
काढली, पण 8(2) आहे ना शिल्लक, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. शिवाय त्याच आरटीआय कायद्याचं कलम 10, मुलांची नावं काळी करून बाकीचा अहवाल द्या असं अर्जातच लिहायचं, म्हणजे अख्खी फाईल दाबायला निमित्त उरत नाही.

सोमवारची_सुट्टी:
झेरॉक्सच्या आधी फाईल डोळ्यांनी बघून घ्या. 2018 चा शासन निर्णय आहे, जिल्ह्याच्या ऑफिसांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख बघता येतात. बऱ्याच ठिकाणी बाबूंनाच माहीत नसतं, जीआरची प्रिंट सोबत ठेवा. समोर बसून बघितलं की कुठली पानं हवीत ते कळतं, नाहीतर पानाला 2 रुपये देऊन नुसती कव्हरिंग लेटरं घरी येतात.

माईआजी:
अगं, एक सांगू का, तिथं मारहाण किंवा काही वावगं कानावर आलं तर या आरटीआयच्या 30 दिवसांची वाट बघत बसू नकोस. सरळ 1098 ला (मुलांची हेल्पलाइन) फोन कर नाहीतर पोलिसात जा. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सोखाली कळवणं सक्तीचंच आहे, आपल्याला पण.

पाऊसवेडी:
हो माई, तसं काही ऐकलेलं नाही. सगळ्यांचे आभार, अर्ज बदलला: "मुलांची ओळख पटेल असा मजकूर कलम 10 नुसार वगळून पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात", आणि खाली कारकूनदादांनी सांगितलेले कागद. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर?

जुना_कारकून:
तर पुढच्या 30 दिवसांत त्याच ऑफिसच्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक नि तारखेसकट शिक्का मारून घ्या, "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हलू नका.