घरचे रस आणि स्मूदी: तुमचे जमलेले-फसलेले प्रयोग

मिक्सरमधून काढलं की काहीही पौष्टिक होतं, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. रोज सकाळी संत्र्याचा रस, तोही गाळून. एका ग्लासाला तीन-चार संत्री लागायची. एक दिवस चोथा टाकताना वाटलं, एरवी मी एका बैठकीत चार संत्री खाईन का? साखर चारही संत्र्यांची पोटात आणि तंतू केराच्या डब्यात! जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते. तेव्हापासून गाळणी कपाटात गेली. तुमचं काय? फसलेलंही लिहा. खरं तर तेच आधी लिहा.

---

फसलेलं भरपूर आहे. अननस आणि दूध फिरवून फ्रीजमध्ये ठेवलं, तासाभराने घोट घेतला तर कडूजहर. दूध नासलं म्हणून दुधालाच शिव्या घातल्या. दूध बिचारं ताजं होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. किवीचंही तसंच. फोडी आधी काही मिनिटं उकळल्या की विकर निकामी होतं, म्हणून डब्यातला अननस दुधात चालतो. एवढा खटाटोप नको असेल तर केल्याकेल्या पिऊन टाका.

---

हसू नका. रात्री गाजर-बीटाचा रस प्यायलो आणि सकाळी लघवी गुलाबी. तसाच डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काल बीट खाल्लंत का?" फी गेली ती गेलीच. पण मला पूर्वी मुतखडा झाला होता हे ऐकल्यावर मात्र ते खुर्चीत सरळ बसले. पालक आणि बीट, दोन्हींत मुतखडा घडवणारं ऑक्सलेट भरपूर. रोज ग्लासभर हिरवा रस माझ्यासारख्याच्या कामाचा नाही.

---

वरच्या दादांना जोडून: वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पालकाचा रस एकदम सुरू करू नका. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. आधी डॉक्टरांना विचारा.

---

माझा अनुभव गमतीचा नाही. सासऱ्यांनी दुधीचा रस काढला, कडू लागला, तरी "कडू तेच औषध" म्हणत नाक दाबून अर्धा ग्लास संपवला. थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, मग दोन दिवस सलाईन. काकडी-दुधीच्या जातीत कधीकधी कुकर्बिटासिन हे विषारी द्रव्य वाढतं, आणि कडूपणा हीच त्याची खूण. शिजवूनही ते जात नाही. आता आमच्याकडे प्रत्येक दुधीची चकती आधी जिभेला लावून बघतात. कडू लागली की थुंकायची आणि अख्खा दुधी फेकायचा. फुकट गेला म्हणून हळहळायचं नाही.

---

बाप रे ताई, बरं झालं लिहिलंत.

माझं साधंच. मी गोठवलेलं केळं आधी तळाशी टाकायचे. मोटर किंचाळतेय, पात्याभोवती नुसती पोकळी आणि वरची फळं जागची हलत नाहीत. आता पातळ पदार्थ आधी, मग मऊ फळ आणि पाला, गोठवलेलं सगळ्यात वर. केळं सोलून, चकत्या ताटात सुट्या पसरून गोठवते, मग डब्यात भरते. पहिल्यांदा सालीसकट ठेवलं होतं. ते दगडासारखं केळं सुरीने तासताना अंगठा कापून घेतला.

रंगाचं मात्र काही करता आलं नाही. पालक हिरवा, स्ट्रॉबेरी लाल, दोन्ही एकत्र म्हणजे चिखल. चव छान, पण मुलगा बघूनच पळायचा. आता झाकणाच्या स्टीलच्या ग्लासात, स्ट्रॉ घालून देते. दोन महिने झाले, त्याला अजून रंग माहीत नाही.