तोंडं सुजलीत, नाक वाहतंय: सीआरडी की कोरायझा?

प्रश्न: 28 आठवड्यांचे लेअर (अंड्यांसाठी पाळलेले) पक्षी. तीन दिवसांत निम्म्या शेडमध्ये डोळ्याखाली सूज, नाक चिकट, अंडी घटली. मर जवळपास नाही. सीआरडी (जुनाट श्वसनरोग) समजून टायलोसिन हे अँटिबायोटिक सुरू करू का?

उत्तर 1: थांबा भाऊ, आधी वेग बघा. सीआरडी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, कोरायझा (कोंबड्यांची जिवाणूजन्य, संसर्गजन्य सर्दी) 1 ते 3 दिवसांत फुटतो. नाकपुडी दाबून स्राव काढा नि वास घ्या. कुजका आला तर कोरायझाचाच संशय धरा. चोचही उघडून बघा, घशात पिवळे चिकट थर असतील तर कोंबड्यांचा देवी रोग (फाउल पॉक्स).

उत्तर 2: खात्री लॅबमध्येच. नुकतेच सुजलेले, औषध न दिलेले 2-3 पक्षी जिवंत न्या. डोळ्याखालची कातडी तापल्या पात्याने डागून कापतात आणि आत स्वॅब फिरवतात. कोरायझाचा जंतू हट्टी! ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित प्लेटवर) स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या रेघेला चिकटूनच दवबिंदूंसारखा वाढतो, तोही 5-10% कार्बन डायऑक्साइडमध्ये. औषध आधी पाजलं की प्लेट कोरी येते, मग पीसीआरवर (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीवर) भिस्त.

उत्तर 3: मर अचानक वाढली, तुरे निळे पडले तर बर्ड फ्लूचा संशय धरा; पक्षी कापू किंवा हलवू नका, सरकारी पशुवैद्यकांना कळवा. आणि बरे झालेले पक्षी वाहक राहतात, नव्या तलंगा (तरुण कोंबड्या) त्यांच्यात सोडू नका.