मदत हवी आहे: मृत्युपत्राला साक्षीदार कुठून आणू? (लातूरमध्ये नवीन आहे)

नमस्कार मंडळी. लातूरला येऊन मला सहा महिने झाले. थोरला बारावीला आहे, नीटच्या क्लासला जातो. धाकटी नववीत. मूळ गाव जिंतूर तालुक्यात. लेकरांचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. शेत बटईनं दिलंय, इथं मी शिवणकाम करते.

पुढच्या महिन्यात माझं गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. पण सहीसाठी जे कागद पुढं ठेवतात ते वाचून माणूस घाबरतोच. त्याच रात्री ठरवलं, मृत्युपत्र करून टाकायचं.

मजकूर अवघड नाही. सातबाऱ्यावर सासूबाई, मी आणि दोन लेकरं अशी चार नावं आहेत. माझा चौथा हिस्सा, थोडं सोनं आणि पोस्टातली ठेव दोघांना सारखी. माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. मला काही झालं तर धाकटीनं माझ्या बहिणीकडं राहावं, हे लिहून ठेवायचंय.

अडलंय साक्षीदारांवर. गावात दोन सह्या मिळणं काही अवघड नाही, पण आमच्या भावकीत बांधावरून वाद चालू आहे. ज्याला विचारावं तो एकतर या बाजूचा, नाहीतर त्या बाजूचा. सकाळी सही झाली की संध्याकाळी पारावर चर्चा. बहिणीचं नाव दिरांच्या कानावर गेलं तर ऑपरेशनच्या आधीच माझं रक्त आटेल.

इथं ओळखी म्हणजे घरमालकीणकाकू, मेसवाल्या मावशी आणि क्लास सुटताना फाटकापाशी उभ्या असणाऱ्या आया. आमच्या गल्लीत कुणी हिंगोलीचं, कुणी बीडचं, कुणी देगलूरचं. परीक्षा झाल्या की निम्मी गल्ली रिकामी होते. काल एका नोंदणी कचेरीबाहेर चौकशी केली तर तिथला एकजण म्हणाला, "बाई, साक्षीदार आपल्याकडं तयार असतात, एका सहीचे पाचशे." पैसे देऊन मोकळी होऊ का? की साक्षीदार ओळखीचा, इथलाच असावा लागतो? आणि त्याला सगळा मजकूर वाचायला द्यावा लागतो का?

प्रतिसाद १
ताई, नोटरी करून घ्या, विषय संपला.

प्रतिसाद २ (परभणी)
वरच्या भाऊंनी विषय संपवला नाही, वाढवला. मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही, स्टॅम्प पेपरही लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र लागतातच. नोटरीचा शिक्का त्या सह्यांची जागा घेत नाही.

ताई, पाचशेवाला नको. माझ्या मामांच्या मृत्युपत्रावर असाच एक "तयार" माणूस होता. बारा वर्षांनी कोर्टात तो लागला, तेव्हा कागदावर नाव होतं आणि पत्त्याच्या जागी नुसतं "रा. परभणी". आता परभणीत कुणाकुणाचं दार वाजवायचं?

प्रतिसाद ३ (नांदेड, वकिली करतो)
वर सांगितलेला अनुभव कोर्टात नेहमी दिसतो. नियम भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ६३ मध्ये आहे. साक्षीदार किमान दोन. प्रत्येकानं तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही सही माझीच" असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग तुमच्या समोर स्वतःची सही करावी. दोघं एकाच वेळी हजर हवेत असं नाही. एक सकाळी, एक संध्याकाळी आला तरी चालतं. मजकूर वाचायला देण्याची गरज नाही. वरचा भाग कोऱ्या कागदानं झाका आणि "हे माझं मृत्युपत्र आहे" एवढं सांगा. दिरांच्या कानाची काळजी तिथंच मिटते.

साक्षीदार लातूरचाच हवा असं कुठंही लिहिलेलं नाही. सज्ञान, शुद्धीतला माणूस पुरतो. पण उद्या कुणी आव्हान दिलं तर दोघांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं की या बाईंनी माझ्यासमोर सही केली. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. नोंदणी केली तरी ही गरज सुटत नाही. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि उद्या सापडेल असा बघा. सत्तरीतले शेजारी कितीही प्रेमळ असले तरी नकोत.

नेटवर वाचाल की साक्षीदाराला काही दिलं असेल तर ते देणं रद्द होतं. ते त्याच १९२५ च्या कायद्याचं कलम ६७ (आकडा तोच, कायदा वेगळा) आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांना ते लागू नाही. तरीही बहीण आणि मेहुणे यांना साक्षीला घेऊ नका, संशयाला जागा कशाला द्यायची? पालक नेमण्याचं म्हणाल तर विधवा आईला मृत्युपत्रानं अज्ञान मुलांचा पालक नेमता येतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६, कलम ९. बहिणीला आधी विचारा एवढंच.

हे सगळं दवाखान्यात भरती होण्याआधी करा. सलाइन लावलेल्या हाताची सही भावकीला आयतीच मिळते. तुमचे नेहमीचे डॉक्टर तयार असतील तर एक साक्षीदार तेच घ्या, तुम्ही शुद्धीत होता हे सांगणारा त्यांच्याहून चांगला माणूस नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण तुमच्या घरी वाद आहे म्हणून कराच. त्यासाठी जिंतूरला जायची गरज नाही, लातूरला सही केली तर लातूरला होते. तिथं तुमची ओळख पटवणारे लागतात, ते काम हेच दोघं करू शकतात.

प्रतिसाद ४ (लातूर, मूळ वसमत)
ताई, मी येते सहीला. माझी पण लेक क्लासला आहे. दोन वर्षांनी मी गावी जाणार, पण गाव तर कुठं पळून जात नाही. माझा इथल्या खोलीचा पत्ता लिहू नका, वसमतचा लिहा, आधारवर तोच आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. वसमतच्या ताई, पत्त्याचं तुम्ही सांगितलं ते डोक्यात बसलं. मी माणूस इथला की बाहेरचा हे बघत बसले होते, पत्ता पक्का की कच्चा हे बघितलंच नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. ओपीडी संपल्यावर शनिवारी या म्हणाले. दुसरी सही वसमतच्या ताईंची. घरमालकीणकाकूंना पण भीत भीत विचारलं होतं. "असलं अभद्र काय बोलायलीस?" म्हणून रागावल्या, मग चहा ठेवला आणि मग म्हणाल्या, "माझी सही नगं घेऊस, मला बहात्तरावं लागलंय. पण तू दवाखान्यात असशील तवर पोरीच्या डब्याचं बघते."

बहिणीला फोन केला, ती हो म्हणाली. वकील भाऊ, एकच विचारायचं राहिलं: थोरला सात महिन्यांनी अठराचा होतोय. पालकाच्या कलमात त्याचं नाव घालायचं की फक्त धाकटीचं?

प्रतिसाद ५ (नांदेड, वकिली करतो)
दोघांचंही घाला, "अज्ञान असेपर्यंत" एवढे शब्द जोडा. आणि शनिवारी प्रत्येक पानावर सही करायला विसरू नका.