मांगरापर्यंत जमिनीखालून वीज : केबल कुठली, चर किती खोल?

नमस्कार मंडळी,
देवगडच्या घरापासून बागेतला मांगर (बागेतली कामाची खोपी) ४० मीटरवर आहे. तिथे सहा एलईडी दिवे, एक पंखा आणि आंब्याच्या पेट्या भरताना लागेल म्हणून एक सॉकेट हवंय. वरून तार ओढली की माडाची झापं पडून तुटते, म्हणून जमिनीखालून न्यायचं ठरलंय. इथली अमेरिकेतली यूएफ केबल (थेट जमिनीत पुरायची) नेली तर चालेल का?
— न्यू जर्सी

*

दादा, यूएफ नेऊ नका. तिला आर्मर, म्हणजे वरचं लोखंडी कवच, नाही. घुशीचे दात आणि गड्याची कुदळ, दोन्हींपुढे ती टिकणार नाही. त्यात तिच्यातली काळी तार तिकडे फेज, आपल्या वायरमनला मात्र काळी म्हणजे न्यूट्रल. ही गफलत जिवावर बेतते.

गावीच घ्या : ३ कोअर, ४ चौरस मिमी, तांब्याची आर्मर्ड एक्सएलपीई (तारांवरच्या प्लास्टिक आवरणाचा प्रकार), अंगावर आयएस ७०९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेली. तुमचे दिवे-पंखा मिळून जेमतेम अर्धा अँपिअर होतो, त्यामुळे दुकानदार दीड चौरस मिमी पुरे म्हणेल. पण चर एकदाच खणायचा असतो आणि उद्या तिथे पंप लागणारच. ४० मीटरवर १० अँपिअर घेतले तर ४ चौरस मिमीमध्ये सुमारे ५ व्होल्ट पडतात, अडीचमध्ये साडेसात. अॅल्युमिनियम स्वस्त मिळेल, पण खाऱ्या हवेत त्याच्या टोकाला पांढरी बुकटी धरते, स्क्रू सैल पडतो आणि टर्मिनल जळतं.

४० मीटरला ५० मीटर मागवा. दोन्हीकडे वर चढायला आणि थोडी ढिली सोडायला तेवढी लागतेच, आणि मध्ये जोड अजिबात नको. कापलेली टोकं लगेच हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणाऱ्या) टोपीने बंद करा. उघडी राहिली तर दमट हवा आत शिरते. आणखी एक : ३ कोअरमध्ये तारा लाल, पिवळी, निळी असतात, हिरवी नसतेच. निळीला दोन्ही टोकांना काळी स्लीव्ह, पिवळीला हिरवी. एकाच टोकाला घातली तर पुढचा वायरमन फसेल.
— मस्कत

*

वरच्या मेलशी सहमत. चराबद्दल थोडं.

खोली ७५ सेंमी, रुंदी ३०. सड्यावर (खडकाळ पठारावर) जांभा लागला की गडी दीड फुटावर थांबतात आणि 'इतकं पुरे' म्हणतात. तिथे ब्रेकर लावा. अगदीच कातळ असेल तेवढ्या तुकड्यात केबल जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात घालून वर १० सेंमी काँक्रीट ओता. गाडी जाते तिथे ५० मिमीचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप टाका.

केबलच्या खाली-वर मिळून १५ सेंमी वाळू म्हणजे जवळपास ६५ घनफूट, पाऊण ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आतच. पण खाडीची वाळू नको! ट्रकवाला तीच आणून टाकेल, कारण ती जवळ मिळते. तिच्यातलं मीठ आर्मरच्या जस्ताला खातं, मग लोखंडाला. धुतलेली क्रश सँड घ्या. जांभ्याची खडी तर केबलला टेकूच देऊ नका, तिच्या कडा वरचं आवरण कापतात. वाळूवर विटा आडव्या, मीटरला साधारण १०, म्हणजे ४००. जुनी मंगळुरी कौलं परसात पडलेली असतात म्हणून तीच घालायचा मोह होतो, पण ती एका घावात फुटतात. विटांच्या वर फूटभरावर लाल वॉर्निंग टेप. वळणाला किमान २० सेंमी त्रिज्या ठेवा. कलमांच्या आणि माडांच्या आळ्यांपासून लांब जा. दरवर्षी आळी खणली जातात आणि केबल सापडते ती तिथेच.
— ओरोस

*

धन्यवाद! अर्थिंग घरातूनच न्यायचं की मांगराला वेगळं? घराला आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आहे.
— न्यू जर्सी

*

दोन्ही. पिवळी कोअर घरच्या अर्थला, आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडच्या (केबल डब्यात घट्ट धरणाऱ्या जोडाच्या) अर्थ टॅगवरून, आणि मांगराजवळ ३ मीटरची कॉपर बाँडेड रॉड. जिथे न्हाणीचं पाणी जातं, केळीच्या बाजूला, ओल बारमाही असते तिथे ठोका. कोरड्या जांभ्यात रॉडचा रोध सहज १०० ओहम भरतो. मग फॉल्टला २३० भागिले १००, सव्वादोन अँपिअरच वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) हलणारही नाही. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, तोही केबलच्या घरच्या टोकाला, म्हणजे केबलसुद्धा त्याच्या पहाऱ्यात येते. घरच्या आरसीसीबीच्या मागून घेऊ नका. मांगरात पाणी शिरलं की घरही अंधारात. मेन स्विचनंतर वेगळी वाट काढा : १६ अँपिअर एमसीबी, मग २५ अँपिअर आरसीसीबी. मांगरात दिव्यांना ६ अँपिअरचा एमसीबी.

मांगरातला डबा पॉलिकार्बोनेटचा, आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा), केबल खालून शिरलेली; वरून शिरली की पहिल्या पावसात पाणी केबलवरून ओघळत थेट टर्मिनलवर येतं. ग्लँड पितळी डबल कॉम्प्रेशन, वर पीव्हीसी टोपी.

५०० व्होल्टचा मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) दोनदा लावा : केबल टाकून चर उघडा असताना आणि बुजवल्यावर. नव्या केबलला शेकडो मेगओहम यायला हवेत; १ च्या खाली असेल तर जोडूच नका. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून टेस्ट रिपोर्ट घ्या. चर बुजवण्याआधी मोजायची टेप लावून भिंतीपासूनची अंतरं फोटोत दिसतील असे फोटो काढा. आणि हे सगळं दिवाळीनंतर, पेट्या भरायची धावपळ सुरू व्हायच्या आत. जूनमध्ये खणलेला चर दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला असतो.
— मस्कत