मानसिक आरोग्याचे अ‍ॅप पारखताना औषधांच्या उपलब्धतेचा विचार कसा करावा?

प्रश्न

द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) आणि दीर्घकालीन नैराश्य असलेल्या व्यक्तींच्या आधारगटाचे काम मी पाहते. कोणते अ‍ॅप वापरावे, असे सदस्य वारंवार विचारतात आणि केवळ वापरकर्त्यांनी दिलेले तारे पाहून नाव सुचवणे मला योग्य वाटत नाही. त्यातच अनेकांना मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियमसारखे औषध सलग मिळत नाही. गोळीची वेळ झाली म्हणून अ‍ॅप सूचना देते, पण घरात गोळीच नसते. अ‍ॅप पारखताना ही बाब कशी लक्षात घ्यावी?

उत्तर १ (समुपदेशक)

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मूल्यमापन पद्धतीत अ‍ॅप कोणी बनवले, माहिती किती सुरक्षित राहते, उपचारांना आधार काय, वापर किती सुलभ आहे आणि उपचार करणाऱ्यापर्यंत माहिती पोहोचते का, अशा क्रमाने विचार केला जातो. त्यातील गोपनीयतेचा मुद्दा मी कधीही सोडत नाही. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने केला होता आणि 2023 मध्ये ते प्रकरण 78 लाख डॉलर देण्याच्या अटीवर मिटले.

अ‍ॅपमध्ये पीएचक्यू-9 ही नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली असेल, तर आणखी एक चाचणी जरूर करावी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. चाचणीसाठी उघडलेल्या खात्यातून त्याला ‘जवळजवळ दररोज’ असे उत्तर द्यावे. त्यानंतरही अ‍ॅप फक्त 27 पैकी गुण दाखवून थांबत असेल आणि माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग देत नसेल, तर त्याची शिफारस करू नये.

उत्तर २ (रुग्णालयातील फार्मासिस्ट)

लिथियम, नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन, तीव्र मनोविकारांवरील हॅलोपेरिडॉल आणि क्लोझापिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ही यादी 1977 पासून निघते आणि साधारण दर दोन वर्षांनी सुधारली जाते, परंतु यादीत नाव असले म्हणजे औषध दुकानात असतेच असे नाही. शिवाय लिथियमची उपयुक्त आणि विषारी पातळी एकमेकींच्या इतक्या जवळ असते की रक्तचाचणीची सोय नसेल, तर ते औषध खऱ्या अर्थाने उपलब्ध आहे असे मी म्हणणार नाही.

म्हणूनच औषध काही दिवस मिळाले नाही, अशी नोंद करून अ‍ॅप काय सांगते ते पाहावे. क्लोझापिनमध्ये 48 तासांहून अधिक खंड पडला, तर जुनी मात्रा एकदम सुरू करणे धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते. अशा वेळी ‘राहिलेली गोळी आता घ्या’ असे सांगणारे अ‍ॅप अपाय करू शकते. चुकलेली गोळी आणि न मिळालेली गोळी यांची नोंद वेगळी हवी, कारण पहिलीवर आठवण करून देणे हा उपाय आहे, दुसरीवर नाही.

उत्तर ३ (काळजीवाहक)

वरील मुद्दे पटतात, तरी औषध मिळवून देत नाही म्हणून अ‍ॅप बाद करू नये, असे मला वाटते. सौम्य नैराश्यात, विशेषतः सोबत माणसाचा आधार असेल तर, अ‍ॅपमधील वर्तनोपचाराचे सराव उपयोगी पडतात. औषधांच्या उपलब्धतेची सर्वेक्षणे बहुधा भेटीच्या दिवशी औषध दुकानात होते की नाही एवढेच मोजतात. महिनोन्महिने पडणारे खंड त्यांत दिसत नाहीत. ते रुग्णांनाच ठाऊक असतात, त्यामुळे ही नोंद गटाने ठेवावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. नोंद ठेवण्याची सूचना मी गटापुढे मांडेन. मात्र त्यातून कोणाचा आजार उघड होऊ नये, याची काळजी कशी घ्यावी?

उत्तर २ (रुग्णालयातील फार्मासिस्ट)

रुग्णाचे नाव लिहूच नये. औषध, त्याची मात्रा, तारीख आणि ते सरकारी केंद्रात मिळाले नाही की खासगी दुकानात, एवढेच लिहावे. गट लहान असेल, तर क्लोझापिनसारख्या मोजक्यांना दिल्या जाणाऱ्या औषधाची नोंद तारखेऐवजी महिन्याने करावी, म्हणजे ती कोणाची हे सहज ओळखता येणार नाही.