मदत हवी आहे: जुनी साईट आणि टॉर्च पॉवरवाल्या रेलवर बसवायचा अडॅप्टर, धक्क्यात करंट तुटतोय

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि टर्निंगचं वर्कशॉप आहे, रोजचं काम म्हणजे हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉड्या आणि पंपाचे पार्ट. आता एका डिफेन्सवाल्या कस्टमरकडून डेव्हलपमेंटचं काम आलंय आणि त्यात अडकलोय, मेकॅनिकल बाजू जमतेय पण इलेक्ट्रॉनिक्स आमचं क्षेत्र नाही, म्हणून इथं विचारायलोय. आधीच सांगतो, लायसन वगैरे सगळं कस्टमरकडं आहे, तसं लेखी पत्र घेऊनच काम धरलंय, आणि हत्याराचा कुठलाही पार्ट आमच्याकडं येत नाही. टेबलावर फक्त रेलचा एक डमी तुकडा आहे, एक टॉर्च आणि एक रेड डॉट साईट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारं साधन.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रायफलीवर दातेरी पट्टी असते ना, पिकॅटिनी रेल, जिच्यावर साईट, टॉर्च, लेझर, पुढची मूठ असलं सगळं क्लॅम्प होतं. तिचं माप अमेरिकन लष्करी स्टँडर्डनं ठरलंय, मिल-स्टँडर्ड क्रमांक १९१३, साल १९९५. खाच ५.२३ मिमी रुंद, एका खाचेपासून दुसरीपर्यंत १०.०१ मिमी. पुढं नाटोनं २००९ मध्ये स्वतःचं स्टँडर्ड, स्टॅनॅग ४६९४ आणलं, जुना माल त्याच्यावर बसतोच, फरक एवढा की त्यात माउंटचा (साईट-टॉर्च धरणाऱ्या क्लॅम्पचा) आधार पट्टीच्या वरच्या सपाट पृष्ठावर धरलाय, तिरक्या बाजूंवर नाही, त्यामुळं साईट काढून परत लावली तरी झिरो (साईटची जुळवलेली नेम) कमी हलतो. आणि त्याच्याही पुढचं म्हणजे पॉवरवाली रेल, त्याचं नाटो स्टँडर्ड स्टॅनॅग ४७४०. पट्टीतच कॉन्टॅक्ट असतात, बॅटरी एकाच जागी, आणि वर जे लावाल त्याला रेलमधूनच करंट. आमच्या कस्टमरची रेल त्यांची स्वतःची डिझाईन आहे, १२ व्होल्टच्या आसपास देते, आणि स्मार्ट म्हणजे वर काय लावलंय ते ओळखून मगच पॉवर सोडते.

हे काम मला मनापासून करायचंय. खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतनं कोणतरी मराठा लाईट इन्फन्ट्रीत असतंच, आमचे मोठे चुलतेही सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांना टेबलावरचं दाखवलं तर त्यांनी पहिलं हेच विचारलं की सेल किती जातीचे सांभाळायचे. टॉर्चला एक, साईटला दुसरा, रेडिओची बॅटरी वेगळी, आणि प्रत्येकाचे स्पेअर पाठीवर. थंडीत सेल अचानक बसतो तेव्हा हातमोजे काढून बारीक झाकण फिरवायचं, ते झाकण बर्फात पडलं की गेलं. एका जागी एक बॅटरी झाली तर हे सगळं सुटेल की.

आता अडचण. बाजारातला सगळा जुना माल स्वतःच्या सेलवर चालतो. टॉर्चमध्ये सीआर१२३, तीन व्होल्टचा लिथियम, १७ मिमी व्यास आणि ३४.५ मिमी लांब. कस्टमरची अट आहे की माल उघडायचा नाही, सील तोडायचं नाही, वॉरंटी जाता कामा नये. म्हणून आम्ही डमी सेल केला, डेलरिन प्लॅस्टिकचा तंतोतंत त्याच मापाचा दांडा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि वायर सेलच्या झाकणातून बाहेर काढून खाली माउंटमध्ये. झाकण मात्र आमचं नवीन, त्यात वायरच्या जागी सिलिकॉनचं ग्रोमेट. माउंटच्या पोटात छोटं बक कन्व्हर्टर बोर्ड, १२ चे ३ व्होल्ट करतं, आणि खाली स्प्रिंगवाल्या पोगो पिना रेलच्या कॉन्टॅक्टवर टेकतात. बॉडी ६०६१ अॅल्युमिनियम, वर हार्ड अनोडाईजचा कडक ऑक्साईड थर. टेबलावर फक्कड चालतंय. पण शॉक जिगवर धक्का दिला की टॉर्च मिचकते, आणि कधीकधी पूर्ण बंद होऊन पहिल्या मोडला जाते. रेड डॉट मिचकत नाही, तिचा करंटच नगण्य आहे.

पिनांचा स्प्रिंग जास्त कडक घेऊन बघितला, थोडा फरक पडला, पण मग भीती वाटतेय की पिना माउंटला खालून वर ढकलतील आणि झिरो हलेल. दुसरं म्हणजे आपल्याकडचा पाऊस. जांबोटी-चोर्ला बाजूला जून ते सप्टेंबर कसं असतं माहितीच आहे सगळ्यांना, उघडे कॉन्टॅक्ट काळे पडणारच. ह्या सगळ्याचं योग्य उत्तर काय? कुणी असलं काम केलंय काय?

प्रतिसाद, हुबळीहून (पॉवर सप्लाय डिझाईन करतो)

दादा, आधी एक महत्त्वाचं. सीआर१२३ चार्ज करायचा सेल नाही. उद्या एखाद्या जवानानं डमीऐवजी खरा सेल आत घातला आणि रेलची पॉवरही कुठूनतरी जोडलेली राहिली, तर रेल त्या सेलला चार्ज करायला बघेल, सेल तापून फुटू शकतो, आणि हे सगळं माणसाच्या तोंडाजवळ. तुमच्या रचनेत डमीच सेलची जागा खातोय म्हणून दोन्ही एकत्र होणं अवघड आहे, तरी दोन सेलवाल्या मालाचं काम आलं की अर्धी जागा रिकामी राहते, तिथं घोळ होईल. म्हणून खऱ्या सेलच्याच वाटेत चार्जिंगचा करंट अडवणारं काहीतरी हवंच. साधा शॉटकी डायोड ०.३ व्होल्ट खातो, तीन व्होल्टात तो दहावा हिस्सा झाला, म्हणून मॉसफेटवाला आयडियल डायोड घ्या, तो जवळजवळ काहीच व्होल्ट खात नाही.

आता मिचकण्याचं. पिन धक्क्यात काही मिलिसेकंद उचलली जाते, ती कुणालाच पूर्ण थांबवता येत नाही, तेवढा वेळ भागवायला कपॅसिटर लागतो. पण तो कुठं लावता त्यावर सगळं आहे. समजा टॉर्च २०० मिलिअँप घेते आणि ५ मिलिसेकंद काढायचेत. तीन व्होल्टच्या बाजूला अर्धा व्होल्ट पडू द्यायचा म्हटलं तर २००० मायक्रोफॅरड लागतील, एवढा डबा तुमच्या माउंटमध्ये बसणार नाही. तोच कपॅसिटर १२ व्होल्टच्या बाजूला, कन्व्हर्टरच्या आधी लावा, कन्व्हर्टर ६ व्होल्टपर्यंत चालतो धरला तर साधारण ५६ मायक्रोफॅरड पुरतात, कन्व्हर्टरमधला लॉस धरून १०० घ्या. एनर्जी व्होल्टच्या वर्गात वाढते म्हणून हा फरक. त्या कपॅसिटरच्याही आधी एक डायोड, नाहीतर कपॅसिटर उलटा रेलमध्येच रिकामा होईल. आणि माउंट लावताक्षणी रिकामा कपॅसिटर एकदम करंट ओढतो, त्यात रेलचं शॉर्ट प्रोटेक्शन ट्रिप होऊ शकतं, तर सॉफ्ट-स्टार्ट, म्हणजे करंट हळूहळू सोडणारी सोय, ठेवा. रेल कशी ओळखते, आयडी चिप की नुसता रेझिस्टर, ते कळलं तर पुढचं सांगतो.

प्रतिसाद, मच्छेहून (टूलरूम)

अण्णा, पिनांच्या जोरानं झिरो हलेल ही काळजी सोडा. एका पिनेचा जोर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतो, क्लॅम्पचा बोल्ट त्याच्या कितीतरी पट ताकदीनं ओढतो, फक्त माउंट वरच्या सपाट पृष्ठावर पूर्ण टेकलं पाहिजे. झिरो हलतो तो लगमुळं, म्हणजे माउंटचा खाचेत बसणारा आडवा दात. रायफल मागं येते आणि माउंट जडपणानं पुढं सरकायला बघतं, म्हणून घट्ट करताना माउंट नळीच्या तोंडाकडं ढकलून लग खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायचा आणि मगच बोल्ट आवळायचा. अनोडाईजचंही बघा. ५० मायक्रॉनचा थर घेतला तर निम्मा बाहेर वाढतो, लगच्या दोन्ही बाजू धरून ५० मायक्रॉन जाड झाला, ड्रॉइंगमध्ये तेवढं कमी धरलंय ना? आणि अर्थिंग बॉडीतून घेत असाल तर हार्ड अनोडाईज म्हणजे इन्सुलेटरच, तिथं करंट जाणारच नाही, तेवढी जागा मास्क करून घ्यावी लागेल, किंवा निगेटिव्हला वेगळी पिन द्या. मी वेगळ्या पिनेचंच म्हणेन, मास्कची जागा पावसात पहिली कुजते.

मूळ लेखक

दोघांनाही मनापासून धन्यवाद, हे सगळं कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. हुबळीवाले सर, कपॅसिटर आम्ही तीन व्होल्टच्याच बाजूला ठेवलाय, आणि तोही लहान. कस्टमरकडून रेझिस्टरचं उत्तर आलंय, तिसऱ्या पिनेवर ठराविक व्हॅल्यू दिसली की रेल पॉवर सोडते. पण मग धक्क्यात ती तिसरी पिनही उचलली तर रेलला वाटेल माल काढला, आणि ती पॉवर बंद करेल! टॉर्च पूर्ण बंद होऊन पहिल्या मोडला जाते ती ह्याच्यामुळंच काय? असेल तर कपॅसिटर कितीही मोठा घातला तरी भागणार नाही, रेलच्याच बाजूला थोडा वेळ थांबून बघायची सोय करायला कस्टमरला सांगावं लागेल. तुमचं काय मत, किती मिलिसेकंदांची सवलत मागू?

मच्छेवाले भाऊ, निगेटिव्ह बॉडीतूनच होता, आता वेगळी पिन काढतोय. लगचं माप अनोडाईज धरूनच आहे, ते प्लेटिंगवाल्याशी आधीच बोलून घेतलं होतं. पुढं ढकलून आवळायचं मात्र माउंटवरच बाण कोरून देतो, म्हणजे अंधारात बोटानं पण कळेल, चुलत्यांना विचारलं तर ते म्हणाले बाण खोल कोर, रंग भरू नको, रंग उडतो.

राहिलं ते पाण्याचं. रेल रिकामी असताना तिच्या कॉन्टॅक्टवर पाणी बसलं तरी रेझिस्टर न दिसल्यामुळं १२ व्होल्ट सुटलेलेच नसतात, त्यामुळं तिथं कुजण्याचा वेग कमी राहील असं वाटतंय. पण माउंट लावलेल्या अवस्थेत फटीत पाणी शिरलं तर काय, म्हणून पिनांभोवती सिलिकॉनची गॅस्केट दाबून बसवायचा विचार आहे. पोगो पिना निकेलवर सोन्याचं प्लेटिंग केलेल्याच घेतल्यात, पण डमी सेलच्या पितळी टोप्यांनाही तेच करून घ्यायचंय आणि क्वांटिटी अगदी थोडी आहे, त्यामुळं मोठे प्लेटिंगवाले हात लावेनात. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी ह्या पट्ट्यात थोड्या नगांचं सोन्याचं प्लेटिंग करून देणारं कोण माहिती असेल तर कृपया सांगा, स्वतः घेऊन येतो.